हेडफोन बदलायचा की डॅक-अँपचा डबा घ्यायचा, हे घरीच कसं ठरवायचं

परवा भाच्याचा फोन, "मामा, दहा हजार साठलेत, हेडफोन बदलू का डॅक-अँप घेऊ?" (डॅक-अँप म्हणजे फोन किंवा लॅपटॉप आणि हेडफोन यांच्या मधे जोडायचा डबा.) मी म्हटलं आधी हे सांग की आत्ता ऐकताना तुला खटकतंय काय. गडी गप्प. मग म्हणतो, तसं खटकत काही नाही पण सगळे सांगतात की डॅकशिवाय हेडफोनची मजाच नाही. घ्या. दुखतंय कुठे ते माहीत नाही आणि औषध मात्र ठरलेलं. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, म्हणजे पुढच्या भाच्याला नुसती लिंक पाठवता येईल.

मी हक्काने बोलतोय कारण हीच चूक मी स्वतः केलीये. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्याकडे अडीच हजाराचा हेडफोन होता आणि त्याला मी नऊ हजाराचा अँप आणून जोडला. पहिल्या संध्याकाळी काय वाटलं म्हणून सांगू, आवाज भरलेला, तबला अंगावर येतोय, बायकोला स्वयंपाकघरातून ओढून आणून ऐकवलं. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "मोठा वाजतोय." बस. तेवढंच खरं होतं, मोठा वाजत होता. आठवड्याभराने मी दोन्हीकडचा आवाज नीट सारखा करून ऐकलं, एकदा फोनमधून थेट आणि एकदा डब्यातून, तर कुठला कुठला ते मला ओळखता येईना. डब्याखाली मग दोन वर्षं विजेची बिलं दाबून ठेवली.

आधी थोडं समजून घ्या की या साखळीत कोण काय करतं. गाणं फाइलमधे आकड्यांच्या रूपात असतं, डॅक त्या आकड्यांचा विजेचा सिग्नल बनवतो, अँप त्याला जोर देतो, आणि हेडफोन त्या जोरावर एक पातळ पडदा हलवून तुमच्या कानाजवळची हवा हलवतो. पहिली दोन कामं विजेतल्या विजेत होतात आणि हे काम आता इतकं स्वस्त आणि चोख झालंय की हजार-दीड हजाराचा चांगला डोंगलसुद्धा (म्हणजे फोनच्या यूएसबीत लावायचा बोटभर डॅक-अँप) ते तुमच्या-माझ्या कानाला चूक सापडणार नाही इतक्या सफाईने करतो. तिसरं काम मात्र यांत्रिक आहे, पडदा, चुंबक, कॉइल, पॅडचा फोम, पॅड डोक्याला कसा टेकतो, चष्म्याच्या काडीमुळे फट पडते का, आणि तिथेच सगळा गोंधळ होतो. दोन हेडफोन घेतले तर एखाद्या पट्टीत, म्हणजे खालच्या, मधल्या किंवा वरच्या सुरांत, पाच-दहा डेसिबलचा फरक सहज निघतो. दोन बऱ्या डॅकमधे असा फरक डेसिबलच्या दहाव्या भागाइतकासुद्धा निघत नाही. म्हणून पैसे आधी हेडफोनवर, हा माझा सरळ कौल. पण याला अपवाद आहेत आणि ते अपवाद तुम्हाला लागू होतात का हे घरबसल्या तपासता येतं.

पहिली तपासणी फुकट आहे. फोनला हेडफोन लावा, एखादं हळू आवाजात रेकॉर्ड झालेलं गाणं घ्या, जुनी मैफल घ्या हवं तर, आणि आवाज वाढवत न्या. पाऊणपर्यंत नेल्यावर "आता पुरे" वाटलं तर तुमच्या अँपमधे जोर कमी नाहीये, विषय संपला. शंभर टक्क्यांवर नेऊनही "अजून थोडा हवा होता" वाटलं तर मात्र जोर खरंच कमी पडतोय. अर्ध्यावर ठेवला की "छान" आणि पूर्ण केला की "फाटतोय" असं असेल तर बहुतेकदा हेडफोनचा पडदाच दमलेला असतो नाहीतर फाइलच तशी असते. फोनचा इक्वलायझर सगळा वर चढवून ठेवलेला असेल तरी फाटतं, तो आधी बंद करून बघा.

हे आकड्यातही काढता येतं. खोक्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते, आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठराविक जोरावर तो किती मोठा वाजतो ते. लोक फक्त ओहम बघतात आणि घाबरतात, "तीनशे ओहम आहे रे, अँप लागेल". नुसत्या ओहमवरून काही कळत नाही. सेन्सिटिव्हिटी बघा, आणि ती कशावर मोजलीये तेही बघा, कारण काही कंपन्या एका मिलीवॉटला किती डेसिबल ते लिहितात आणि काही एका व्होल्टला किती ते, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली की माणूस हमखास फसतो. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स घ्या, ३८ ओहम आणि मिलीवॉटला ९९ डेसिबल. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या, ३०० ओहम आणि व्होल्टला ९७ डेसिबल. कागदावर फक्त दोनचा फरक दिसतो ना? आता एक व्होल्ट दोघांना देऊ, बऱ्या डोंगलमधून साधारण तेवढाच निघतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट, हे शाळेतलं. तर ३८ ओहमला मिळाले सव्वीस मिलीवॉट, म्हणजे एम५०एक्स जातो ११३ डेसिबलपर्यंत, जे कान बसवायला पुरेसं आहे. एचडी ६०० त्याच एका व्होल्टवर ९७ ला थांबतो. सोळा डेसिबलचा फरक पडला.

आता ९७ म्हणजे सुद्धा काही कमी नाही, पण शास्त्रीय संगीतात सरासरी आवाज खाली आणि मधेच तबल्याची थाप खूप वर असं असतं, तर त्या क्षणापुरती जागा शिल्लक लागते. ११० पर्यंतची जागा धरली तर एचडी ६०० ला साडेचार व्होल्टच्या आसपास लागतात, आणि ते फोन किंवा साधा डोंगल देत नाही. इथे डबा खरंच लागतो. माझा तो बिलं दाबणारा अँप याच हेडफोनमुळे पुन्हा कामाला लागला, त्यामुळे पैसे अगदीच वाया गेले असंही नाही, फक्त दोन वर्षं आधी खर्च झाले.

प्लेनार नावाचा, सपाट चुंबकी पडद्याच्या हेडफोनांचा प्रकारही लक्षात ठेवा, हायफायमॅनचे वगैरे असतात ते. त्यांचे ओहम कमी असतात पण सेन्सिटिव्हिटीही कमी असते, म्हणजे व्होल्ट बेताचे लागले तरी करंट जास्त लागतो. तिथे ओहम बघून "अरे पंचवीसच आहे, फोन चालवेल" असं धरून चाललात तर फसाल. याउलट दोन हजाराच्या आतबाहेर येणारे वायरवाले इनइअर, सेव्हनहर्ट्झचे, मूनड्रॉपचे, हे इतके हलके असतात की फोनच्या तीस-चाळीस टक्क्यांत कान भरतात. त्यांना दहा हजाराचा अँप जोडणं म्हणजे सायकलला ट्रॅक्टरचं इंजिन. उलट ताकदवान अँपला असे इनइअर लावले तर गाणं थांबल्यावर मागे हिस्स ऐकू येतो आणि आवाजाचा नॉब आठ-नऊ वाजल्याच्या जागेवरून पुढे सरकवताच येत नाही.

दुसरा अपवाद म्हणजे खरखर आणि गुणगुण, आणि आमच्या इंदूरच्या जुन्या घरांत हे प्रकरण फार आहे. रामबागेतल्या आमच्या वाड्यात वायरिंग आजोबांच्या काळातलं, अर्थिंग नावाला. लॅपटॉप चार्जिंगला लावला की धातूच्या बॉडीवरून हात फिरवताना मुंग्या येतात ना, तोच प्रकार हेडफोनमधे घूंऽऽ असा ऐकू येतो. माउस हलवला की किर्रकिर्र, फाइल कॉपी करताना चिवचिव. हे असेल तर बाहेरचा यूएसबी डॅक बऱ्याचदा इलाज ठरतो, कारण तो आकडे घेऊन लॅपटॉपच्या पोटातल्या गोंगाटापासून लांब जाऊन सिग्नल बनवतो. बऱ्याचदा म्हटलं, नेहमी नाही म्हटलं, कारण यूएसबीची वायर ग्राउंड सोबत घेऊनच जाते. म्हणून खरेदीआधी एवढं करा. चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. गुणगुण गेली तर भानगड चार्जर आणि अर्थिंगची आहे, मग तीन पिनांचा चार्जर, दुसऱ्या खोलीतलं सॉकेट, नाहीतर सरळ इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घेणं, याला अँपपेक्षा कमी पैसे लागतात आणि घरातला फ्रिजही दुवा देईल. बॅटरीवरही किर्रकिर्र राहिलीच तर तो लॅपटॉपच्या जॅकचा दोष, घ्या डोंगल. आणि फोनला लावूनही तोच आवाज येतो? मग हेडफोनची वायर कुठेतरी आतून तुटत आलीये, पिनजवळ वाकवून बघा, एका कानातला आवाज येईल-जाईल.

तिसरा अपवाद म्हणजे जॅकच नसणं. २०१६ च्या आयफोन ७ पासून जॅक काढायची जी टूम निघाली ती बहुतेक फोनांना लागली, आता वायरवाला हेडफोन लावायचा तर डोंगल घ्यावाच लागतो, तर घ्या, त्यात विचार कसला करायचा. फक्त एक, ॲपलचा यूएसबी-सीचा छोटा डोंगल मोजमापात उत्तम आहे पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पूर्ण उघडत नाही, हळूच वाजतो. तुमच्या फोनवर तसं झालं तर हेडफोनला शिव्या देऊ नका, दुसरा डोंगल लावा.

याच्यातच आउटपुट इंपिडन्सचं एक शेपूट आहे, पटकन सांगतो. अँपचा स्वतःचा जो अडथळा असतो तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. डोंगलमधे तो सहसा एक-दोन ओहमच्या आत असतो, काळजी नको. पण काकांनी माळ्यावर ठेवलेला जुना स्टिरिओ रिसीव्हर खाली काढून त्याच्या हेडफोन जॅकला चार ड्रायव्हरचे, म्हणजे आत चार छोटे स्पीकर असलेले इनइअर लावलेत तर आवाजाचा तोंडवळाच बदलेल, कारण त्या जॅकमागे बऱ्याचदा शेकडो ओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो.

ब्लूटूथवाल्यांसाठी तर उत्तर अजून सोपं. ब्लूटूथ हेडफोनच्या आतच डॅक पण आहे, अँप पण आहे. फोनला तुम्ही बाहेरून काहीही जोडा, गाणं हवेतून आकड्यांच्या रूपातच जातं आणि हेडफोनमधे पोचल्यावर त्याचा सिग्नल होतो, त्यामुळे तुमचा तो महागडा डबा रस्त्यात कुठेच भेटत नाही. तिथे बदलता येतं ते फक्त कोडेक, म्हणजे हवेतून पाठवताना गाणं दाबून लहान करायची पद्धत. अँड्रॉइडमधे ८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, सोनीचं एलडॅक आहे आणि ते ९९० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं, आयफोनवर मात्र एएसीच. राजवाड्यावर संध्याकाळी हॉर्नच्या गर्दीतून चालताना यातलं काही कळत नाही, ते वेगळं. तिथे नॉइज कॅन्सलिंग किंवा कानात घट्ट बसणारे इनइअर जे करतील ते कुठलाही डॅक करणार नाही, कारण बाहेरचा गोंगाट कमी झाला की तुम्ही आवाजही कमी ठेवता.

तर या तीन अपवादांपैकी एकही नसेल तर डबा विसरा. पण म्हणून लगेच हेडफोन घ्यायला धावू नका, मधे अजून तीन दारं आहेत आणि तीनही स्वस्त आहेत.

पॅड बघा. दोन-तीन वर्षांत रेक्झिनचे पॅड भुग्यासारखे झडायला लागतात, कानाला काळे तुकडे चिकटतात, आतला फोम चपटा होतो. पॅड चपटा झाला की कान ड्रायव्हरच्या जवळ येतो, कडेने फट पडते आणि खर्ज पार पळून जातो, मग आपण म्हणतो हेडफोन जुना झाला. अरे जुना झाला नाही, गादी बसली. पाचशे-हजारात नवीन पॅड येतात, फक्त तुमच्या मॉडेलचेच घ्या, जाडी किंवा भोक वेगळं असलं तर आवाजही वेगळा होतो. मेमधे जेव्हा पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा रेक्झिनपेक्षा मखमली पॅड बरे वाटतात, पण त्याने खर्ज थोडा उतरतो. मी उन्हाळ्यात मखमली आणि पावसाळ्यात रेक्झिन असं करतो, घरचे हसतात, हसू दे.

मग इक्वलायझर. लोकांना याची उगाच लाज वाटते, जणू कॉपी करून पास झालो. हेडफोनचा जो पाच-दहा डेसिबलचा दोष मी वर म्हटला तो बऱ्यापैकी इथे फुकटात सुधारतो. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, त्यात शेकडो हेडफोनांच्या मोजमापावरून तयार केलेल्या दुरुस्त्या असतात, आपलं मॉडेल निवडायचं की झालं. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, तेही फुकट. हर्मन कंपनीच्या संशोधकांनी साधारण २०१२-१३ पासून लोकांना निरनिराळे आवाज ऐकवून त्यांना सरासरी काय आवडतं याची जी रेषा काढली, बहुतेक दुरुस्त्या तिच्याकडे झुकवलेल्या असतात. ती रेषा काही वेदवाक्य नाही, मला तिच्यात खर्ज दोन डेसिबलने जास्त वाटतो आणि मी तो कमी करतो. पण आठवडाभर असं खेळलात की तुम्हाला नक्की काय हवंय, जास्त खर्ज, मऊ तार सप्तक, की आवाज पुढे, हे कळायला लागतं, आणि हे कळल्यावर नवीन हेडफोन निवडणं सोपं होतं. एका गोष्टीची काळजी घ्या, एखादी पट्टी सहा डेसिबल वर चढवलीत तर प्रीअँप, म्हणजे त्याच ॲपमधला एकूण आवाजाचा आकडा, तितकाच खाली आणा, नाहीतर फाटेल. आणि खाली आणल्यावर आवाजच पुरेना असं झालं तर मग तुम्ही प्रामाणिकपणे अँपच्या गिऱ्हाइकात आलात.

तिसरं दार म्हणजे फाइल. यूट्यूबवरचं गाणं साधारण १२८ ते १६० केबीपीएसच्या घरात येतं, ते काही वाईट नाही. पण तिथल्या जुन्या मैफली कुणीतरी कॅसेटवरून, ती कॅसेट दुसऱ्या कॅसेटवरून अशा आलेल्या असतात, मागे पन्नास हर्ट्झची गुणगुण, टेपचा हिस्स, मधेच कुणाचं तरी खोकणं. त्यात जे नाही ते पन्नास हजाराचा हेडफोनही काढून देणार नाही. उलट चकचकीत तार सप्तकवाला हेडफोन घेतलात तर हिस्सच आधी ऐकू येईल आणि तुम्ही वैतागाल. जुनं शास्त्रीय किंवा पन्नास-साठ सालची गाणी हाच तुमचा मुख्य खुराक असेल तर थोडा मऊ, मध्य सप्तकात भरलेला हेडफोन घ्या, दुकानदार "डिटेल बघा साहेब, डिटेल" म्हणत राहील, त्याला म्हणू दे.

आता हेडफोन ऐकून कसा निवडायचा, हा माझा आवडीचा भाग. कुठलं तरी इंग्रजी टेस्ट गाणं घेऊन जाऊ नका, जे तुमच्या कानात मुरलंय तेच न्या. मी तीन गोष्टी नेतो. पहिली नुसता तानपुरा, दोन मिनिटांचा. पुरुषाची पट्टी काळी एक धरली तर जोडीच्या तारा १३८ हर्ट्झच्या आसपास आणि खर्जाची तार ६९ च्या आसपास वाजते, आणि जवारीमुळे, म्हणजे तारेखाली दोरा सरकवून आणलेल्या झणत्कारामुळे, वर हजारो हर्ट्झपर्यंत झंकाराची रांग उठते. म्हणजे एकाच वाद्यात खालपासून वरपर्यंत सगळी परीक्षा झाली. चांगल्या हेडफोनवर खर्जाची तार "गुंऽऽ" करून पोटाशी बसते आणि जवारी वर रेशमासारखी उलगडत जाते. वाईटावर जवारी पत्र्यासारखी करकरते नाहीतर घोंगडीखाली झाकल्यासारखी होते. पण यात एक गंमत आहे, खर्ज ऐकू आला म्हणजे हेडफोन खर्ज वाजवतोय असं नसतं. वरच्या झंकारांवरून आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो, म्हणूनच फोनच्या टिचभर स्पीकरवरसुद्धा तानपुऱ्याचा खर्ज "कळतो", जरी तो स्पीकर ६९ हर्ट्झ काढूच शकत नाही. म्हणून खर्जासाठी दुसरी गोष्ट, तबल्यातला डग्गा. तळहात दाबून घुमारा वर-खाली सरकवतात ना, तो सरकताना सलग ऐकू यायला हवा. मधेच एखाद्या सुराला दणका आणि पुढच्याला काहीच नाही असं झालं तर त्या हेडफोनचा खर्ज फुगवलेला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आवाज, आणि इथे इंदूरकराला बाहेर कुठे शोधायला जायची गरजच नाही. खालच्या सुरांसाठी उस्ताद अमीर खाँ, इंदूर घराण्याचा तो मंद्र सप्तकातला संथ बडा ख्याल, झुमऱ्याच्या चौदा मात्रा निवांत पसरलेल्या. खालचा मध्य फुगलेला असेल तर खाँसाहेब माठात तोंड घालून गातायत असं वाटतं, आणि पोकळ असेल तर त्यांच्या आवाजाचं वजनच जातं. वरच्या सुरांसाठी लताबाई, १९२९ साली याच गावात जन्मलेल्या. त्यांच्या "स" आणि "श" वर कान ठेवा. शिट्टीसारखा टोचला तर तो हेडफोन साधारण पाच ते नऊ हजार हर्ट्झमधे चढा आहे, दुकानात दोन मिनिटांत ते "क्लिअर" वाटतं आणि घरी अर्ध्या तासात डोकं उठतं. जुन्या रेकॉर्डिंगमधेच थोडी टोच असते हे खरं, म्हणून तेच गाणं घरच्या ओळखीच्या हेडफोनवर आधी ऐकून जा.

ऐकून बघायला इंदूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जेल रोडला गेलात तर सकाळी दुकानं उघडल्या-उघडल्या जा, संध्याकाळी तिथे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तर हेडफोनचा काय येणार. स्वतःचा फोन, स्वतःचा डोंगल, गाणी डाउनलोड केलेली. दुकानदाराच्या फोनवर आधीच बेस चढवून ठेवलेला असतो हे मी पाहिलंय. वीस मिनिटं डोक्यावर ठेवा, पाचव्या मिनिटाला छान वाटणारा पंधराव्या मिनिटाला कानशिलं आवळायला लागतो. आणि दोन हेडफोनांत तुलना करताना आवाज सारखा करा, नाहीतर थोडा मोठा वाजणारा नेहमी जिंकतो, माझ्या अँपसारखा. घरी हे नीट करायचं तर एकाच सुराचा टोन लावायचा, फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप उघडून माइक पॅडच्या मधोमध धरायचा आणि दोन्हीकडे आकडा अर्ध्या डेसिबलच्या आत आणायचा. ॲपचा आकडा खरा नसला तरी चालतो, सारखा असला की झालं. मग कुणाला तरी बदलायला सांगून डोळे मिटून ऐका. दोन डॅकची तुलना करायची तर माइकचा हा जुगाड पुरत नाही, मल्टिमीटर लावून व्होल्ट जुळवावे लागतात, पण एवढं करून ऐकलंत तर तुमचे दहा हजार तिथेच वाचायची शक्यता दांडगी आहे.

उघड्या पाठीचे हेडफोन घ्यायचे का, हेही विचारतात. आवाज मोकळा, बैठकीत समोर बसल्यासारखा, मला तेच आवडतात. पण बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. सकाळी साडेसातला कचरागाडीचं गाणं विलंबितात घुसतं आणि रात्री शेजारी झोपलेल्या माणसाला तुमचा तराणा ऐकावा लागतो. एकट्याची खोली असेल तर घ्या, नाहीतर बंद पाठीचे बरे.

पैशाचं गणित मी असं मांडतो. पाच हजारापर्यंत सगळे हेडफोनवर किंवा इनइअरवर, डोंगल फक्त जॅक नसेल तर. दहा हजारात आठ-नऊ हेडफोनवर आणि उरलेले डोंगलवर, तेही गरज असली तर. वीसच्या वर गेलात आणि अवघड हेडफोन डोक्यात असेल, ३०० ओहमवाला नाहीतर प्लेनार, तर हेडफोन घ्यायच्या आधीच अँपचे पैसे बाजूला काढा, नाहीतर तो हेडफोन अर्धपोटी राहील आणि तुम्ही त्यालाच नावं ठेवाल. टॉपिंग, फिओ, आयफाय या डॅक-अँपच्या कंपन्यांत कुठला, यावर मला विचाराल तर ज्याचा नॉब हाताला चांगला लागतो आणि ज्याची वॉरंटी भारतात मिळते तो. बॅलन्स्ड आउटपुट, ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ हे आकडे बघून हुरळू नका. सीडी १६ बिट ४४.१ ची असते आणि तिच्यातच ९६ डेसिबलची जागा आहे, जुन्या टेपला त्यातली निम्मी-पाऊणच लागते.

आणि जोर मिळाला म्हणून तो वापरायलाच हवा असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असा आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८६ वर फक्त दहा तास. अँप आल्यावर माझा आवाज हळूहळू चढत गेला होता, दोन महिन्यांनी रात्री कानात शीऽऽ असा सूर यायला लागला तेव्हा घाबरून खाली आणला.

भाच्याचं काय झालं विचाराल तर, त्याच्या तपासणीत आवाज साठ टक्क्यांवर पुरला, गुणगुण नव्हती, आणि पॅड बघ म्हटलं तर फोटो पाठवला, अर्धं रेक्झिन झडून फोम बाहेर आलेला. सातशेचे पॅड मागवलेत, वेव्हलेट टाकलंय. उरलेले नऊ हजार तीनशे महिनाभर हात न लावता ठेव आणि मग तानपुरा घेऊन जेल रोडला ये, मी बरोबर येतो असं सांगितलंय. पोहे-जलेबी त्याच्याकडून.